अनोळखी यंत्र

“पासवर्ड जपा हं, ताई. एकदा तोंडातून गेला की गल्लीभर होतो,” वायफायची डबी भिंतीवर बसवणारा माणूस स्टुलावरून म्हणाला, तेव्हा मी हसले होते.

“आम्ही कोणाला देणार? घरात माणसं तीन.”

चौथं पोटात होतं. माझे सासरे खुर्चीत बसून डबीवरचे हिरवे दिवे पाहत होते.

आता सासरे नाहीत, पोटातलं माणूस घरभर रांगतं, आणि माझा अर्धवट राहिलेला संगणकाचा अभ्यासक्रम मी पुन्हा हाती घेतला आहे. गटाने करायच्या संशोधनासाठी आम्ही विषय निवडला, घरातल्या वायफायची सुरक्षितता. गटात एक नर्सताई, बँकेतले एक कॅशियर आणि मी. पहिली बैठक आमच्या स्वयंपाकघरात झाली. बाळाला सोडून मी जाणार कुठे?

“आधी आपापली घरं तपासू,” कॅशियर म्हणाले. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं नको व्हायला. पासवर्ड कधी बदलला, कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, पाहुण्यांना काय देता, सगळं.”

“आणि अनोळखी यंत्र सापडलं तर?” नर्सताईंनी विचारलं.

“हाकलायचं!”

“बँकेतही असंच करता का हो? आधी हाकलायचं, मग नाव विचारायचं?”

“बँकेत आधी रांगेत उभं करतो,” कॅशियर म्हणाले, आणि बाळसुद्धा हसलं.

मी मोबाईलवर आमच्या घरची यंत्रं पाहू लागले. माझा फोन, नवऱ्याचा फोन, लॅपटॉप, बाळाच्या पाळण्यावरचा कॅमेरा. आणि एक टॅब. आमच्या घरात टॅब नाही.

कोणीतरी आमच्या घरात, पाळण्याच्या इतक्या जवळ येऊन बसलं होतं! मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. टॅब नाहीसा झाला.

“पहिलाच चोर पकडला!” कॅशियर खूश झाले. मलाही, लपवत नाही, लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात प्रश्नावली करून पाहायची ठरली. मी म्हटलं, शेजारच्या मशीनकाकांपासून सुरुवात करू. काकांनी जन्मभर घरोघरी जाऊन शिलाई मशीनं दुरुस्त केली. लग्न केलं नाही. दारात यायचे, रिकाम्या रिळांचा डबा खुळखुळवून बाळाला हसवायचे आणि चहाला नको म्हणून जायचे. हल्ली काही दिवस ते आले नव्हते. माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. पण म्हटलं, गुडघे दुखत असतील.

“काका, तुमच्याकडे वायफाय आहे का?” नर्सताईंनी पहिला प्रश्न विचारला.

“होतं.”

“बंद केलंत?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग कडेवरच्या बाळाकडे. “बंद झालं. त्यात काय! तुमचे सासरे होते तेव्हा त्यांनी स्वतः येऊन पासवर्ड घालून दिला. ते गेल्यावरही तुम्ही चालू ठेवलंत, हेच खूप झालं.”

मी पटकन विचारलं, “काका, तो टॅब तुमचा?”

“भाचीने पाठवलेला. मला कशाला हवाय? ताईसाठी तो.”

काकांची थोरली बहीण दुसऱ्या गावी, लेकीजवळ राहते. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. रोज दुपारी जेवण झालं की दोघं टॅबवर समोरासमोर बसून हातांनी बोलत. आमची भिंत इतकी पातळ, की पलीकडे चमचा पडला तरी मला कळतं. ही बोलणी मात्र मला कधीच कळली नव्हती.

“मग मला सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला.

“लेकराचं घर. विचार करूनच बंद केलं असेल म्हटलं. ज्या घराने दार उघडलं त्यानेच लावलं, तर कडी वाजवू नये.”

“आणि ताईंना काय वाटलं असेल?” नर्सताई म्हणाल्या.

“भाचीला फोन केला होता. म्हणाली, सगळं ठीक आहे.” काका रिळांच्या डब्याचं झाकण उगाच लावत-काढत राहिले. “ठीकच असेल.”

वायफायमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी वाट काढता येते. त्या वाटेने येणाऱ्याला आपला कॅमेरा दिसत नाही. हे मी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. आता घरी जाऊन ते केलं आणि परत येऊन काकांच्या टॅबमध्ये नवा पासवर्ड घातला.

“थांबा,” म्हणून काका आत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, केस ओले करून, भांग पाडून.

पडद्यावर ताई दिसल्या. क्षणभर नुसत्या पाहत राहिल्या. मग त्यांचा डावा हात उठला. उजवा प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला.

“मामा, बाथरूममध्ये पडली हो,” मागून भाचीचा आवाज आला. “तुम्ही असाल तसे धावत आला असतात, म्हणून बोलले नाही.”

ताईंचा एकच हात सपासप चालला होता.

“काय म्हणतायत?” मी हळूच विचारलं.

“शिव्या देतेय.” काकांनी डोळे पुसले. “अर्ध्याच कळताहेत.”

काही शब्दांना दोन्ही हात लागतात. अशा शब्दापाशी ताईंचा हात हवेत थांबायचा. मग काका आपला हात पडद्याजवळ नेऊन तो शब्द पुरा करायचे. ताई मान हलवायच्या आणि पुढे बोलू लागायच्या.

तुम्ही पासवर्ड जरूर बदला. घरात तान्हं असेल तर आजच बदला. फक्त त्यानंतर शेजारी जाऊन या. जो शेजारी कधी काही मागत नाही, त्याच्याकडे आधी जा. चालू आहे ना सगळं, एवढं विचारा. बसा म्हणाला, तर बसा थोडा वेळ.