तानूबाईच्या आईचं नाव

तेजस्वीनं वंशावळ काढायला घेतली ती मोठ्या हौसेनं. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सांभाळून पोरगी रविवारी-सुट्टीला कोडोलीला यायची. तलाठ्याकडनं जुने फेरफार काढले आणि महिन्याभरात सहा पिढ्या कागदावर मांडल्या की! सगळं घर वा वा म्हणालं. आजोबांची थोरली बहीण तानूबाई, वय पंच्याऐंशी, तीही ऐकायला बसली होती. कागद वाचून घेतल्यावर तिनं विचारलं, "ह्यात माझी आय कुठं हाय?"

कागदावर नुसते बाप्ये. तेजस्वी ओशाळली. तानूबाई दीड वर्षाची असताना तिची आई गेली. बापानं, पिराजीनं, धोंडुबाईशी दुसरं लग्न केलं. धोंडुबाईनं सवतीच्या लेकीला अशी माया लावली, की आईचं नाव विचारलं तर हिला लागेल म्हणून तानूबाईनं ते कधी विचारलंच नाही. सांगणारी माणसं एकेक करून गेली. आता डोळे मिटायच्या आधी तेवढं नाव कळावं, एवढीच म्हातारीची आस.

सुगी झाली की हेळवी येतो, घरोघरी कुळी वाचून दाखवतो. तेजस्वीनं त्याला बसवलं, चहा पाजला. गड्यानं सोळा पिढ्या न अडखळता धडाधड म्हटल्या. तेजस्वीनं मनातल्या मनात हात जोडले. पण पिराजीपुढं नुसतं 'कुटुंबे दोन', बायकांची नावंच नाहीत. गडी मात्र सरळ. म्हणाला, "आमच्या वहीत बाप्येच असत्यात, पोरी. बाया भांड्यांवर बघ."

घरातली भांडी पालथी घालून झाली. मग ती देवळात गेली. लोकांनी देवाला दिलेली, गावच्या कार्याला लागणारी पातेली तिथं असतात. चिंच लावून घासता घासता एका तांब्याच्या पातेल्यावर ठिपक्यांची अक्षरं उजळली. तशीच ती तानूबाईला रिक्षात घालून घेऊन आली आणि मोठ्यानं वाचलं: 'कै. गोजराबाई पिराजी हिचे स्मरणार्थ, सवत धोंडुबाई.'

काय बाई म्हणायची ही! सवतीचं नाव लोक जिभेवर येऊ देत नाहीत, हिनं तांब्यावर घालून देवाला दिलं. तेजस्वीनं पातेलं म्हातारीपुढं सरकवलं.

तानूबाईनं पातेल्याच्या चारी कड्या चाचपल्या. ओळखलं तिनं. हे पातेलं धोंडुबाईनं तानूबाईच्याच लग्नाला देवळातनं मुद्दाम आणलं होतं, जेवणावळीचा सगळा भात त्यातच शिजला होता.

"गोजरा," म्हातारी पुटपुटली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "म्हंजे माझ्या लग्नात माझ्या दोघीबी आया हुत्या."