डाव्या अंगाचं माप

“हात सैल सोडा. आणि छाती फुगवू नका.”

“फुगवत नाहीये. आहेच तेवढी.”

“कुठे आहे? मला तर दिसत नाही,” असं म्हणत तिने टेपचं टोक त्यांच्या डाव्या खांद्यावर दाबून धरलं. काटेवाले शिवणकामाच्या लाकडी बाकावर दोन्हीकडे पाय टाकून बसले होते. हातात एक काठी आडवी धरलेली. उजवा हात काठीपर्यंत सहज पोचत होता, डावा मात्र कोपरात अडकून मागेच राहत होता. त्यामुळे काठी तिरकी झाली होती.

“सरळ धरू का काठी?”

“नको. जशी येते तशीच धरा. सरळ धरायला गेलात की खांदा वर जातो आणि माप चुकतं.”

“मोटरसायकलचं माप असं बाकावर घेतात, हे मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला काय काय माहीत नाही, ते सांगत बसले तर दिवस मावळेल,” ती म्हणाली. मग खाली बसून तिने त्यांच्या पायांची मापं घेतली. आधी उजवा पाय, मग डावा. डावा आखूड होता. टेप दोनदा लावून बघितली, तरी आखूडच.

गल्लीत सगळे तिला टेलरबाई म्हणत आणि तिच्या नवऱ्याला काटेवाले. तेव्हा दुकानादुकानांत पितळी पारड्यांचे तराजू असत. गोदामांतून पोती मोजायचे मोठे काटे असत. काटा अडकला, पारडं जड झालं, की लोक काटेवाल्यांना बोलावणं पाठवत. खांद्याला वजनांची पिशवी अडकवून ते आपल्या उंच जुन्या मोटरसायकलवरून गावभर फिरत. मग एका लाकडाच्या वखारीत ट्रक मोजायच्या काट्याखालच्या खड्ड्यात ते पडले. हाडं जुळली, पण डावा पाय आखूड झाला आणि डावं कोपर पुरतं सरळ होईना. बोटं मात्र शाबूत राहिली. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण उंच गाडीवरून डावा पाय जमिनीला टेकेना. एकदा फाटकातच गाडीसकट आडवे झाले. त्यानंतर ती गाडी विकली आणि काटेवाले खिडकीपाशी जे बसले ते बसलेच. दुकानदारांनी थोडे दिवस वाट पाहिली. मग त्यांनी दुसरा माणूस शोधायला सुरुवात केली.

ते तक्रार करत नव्हते, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती. शिवण्याच्या मशिनवर मान खाली घालून बसलं तरी त्यांची पाठ दिसायची. महिन्यामागून महिने ती पाठ खिडकीत अशीच दिसत राहिली, तर एक दिवस हा माणूस खिडकीचाच होऊन जाईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

म्हणून तिने कोपऱ्यावरच्या गॅरेजातून एक छोटी, वापरलेली मोटरसायकल घेतली. गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणत, कारण तो पाठ खाजवायलाही पानाच वापरायचा.

“मी करून देतो ना वहिनी, तुम्ही सांगा फक्त काय हवंय ते,” पाना म्हणाला.

“तुम्ही वेल्डिंग करा. बाकी मी करते. दुसऱ्याच्या हातचं माप मला पटत नाही.”

“कधी केलंय का हे काम?”

“पहिला कोट शिवला तेव्हाही आधी कुठे केलं होतं?”

पानाने गॅरेजमागची शेड रिकामी करून दिली. टेलरबाईने तिथे जुनी चादर अंथरली आणि गाडी उसवायला घेतली. तिच्या धंद्यात जुना कोट दुरुस्तीला आला की आधी पुरता उसवायचा, हा नियम. तेच तिने इथे केलं. सीट, टाकी, मडगार्ड, साखळी, हँडल, सगळं सुटं होऊन चादरीवर पसरलं. आणि मग ती त्या पसाऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कोटाचे तुकडे कसेही पडले तरी पाठ ती पाठ आणि बाही ती बाही. इथे मात्र कुठला तुकडा कुणाचा, काही केल्या कळेना. हा नळीसारखा भाग वरचा की खालचा? ही स्प्रिंग कुठून निघाली? ती उचलायची, उलटी करायची, परत ठेवायची.

“खूण नाही केलीत काढताना?” पानाने दारातून विचारलं.

“केली की. खडूने केली होती.”

“मग?”

“मग तुम्हीच नाही का म्हणालात, आधी रॉकेलने पुसून घ्या म्हणून?”

पाना दाराला टेकून इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

गाडी परत जुळवायला बरेच दिवस गेले. जुळल्यावर चादरीवर दोन नट उरले.

“उरतातच,” पाना म्हणाला.

“शर्टाची बाही उरली तर गिऱ्हाईक घेईल का?”

मग तिने गाडी पुन्हा सोडली. नटांची जागा सापडली. पण या खेपेला एक वॉशर उरला. तो मात्र तिने गुपचूप डब्यात टाकला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. हँडलचा डावा दांडा पानाने तापवून मागे वाकवला. ती टेप लावून बघायची आणि म्हणायची, “अजून. अजून मागे.” डावा फूटरेस्ट वर घेतला, त्याच्याबरोबर गिअरचा खटकाही. सीटचा स्पंज तिने सुरीने स्वतः कापला. डावी बाजू उतरती ठेवली, म्हणजे पाय जमिनीला टेकेल. वरचं रेक्झिन शिवताना मशिनची सुई मोडली, मग तिने हाताने टाके घातले.

“वहिनी, एक शिंग मोडलेल्या बैलासारखी दिसायला लागलीये ही,” पाना जपून म्हणाला.

“दिसायचं नंतर बघू. आधी बसायचं.”

काटेवाले रोज संध्याकाळी विचारायचे, “कुठवर आलं?” ती सांगायची, “कच्चे टाके चाललेत.” त्यांना शेडकडे फिरकू दिलं नव्हतं. अर्धवट कपडा गिऱ्हाइकाने बघू नये, असं ती म्हणायची. खरं तर त्यांचा चेहरा पहिल्यांदा कसा होतो, तो तिला बघायचा होता.

गाडी फाटकात आली तेव्हा सकाळचं ऊन होतं. पानाने ती ढकलत आणून उभी केली, रेक्झिनवरची धूळ आपल्या बाहीने पुसली आणि बाजूला झाला. काटेवाले काठी टेकत बाहेर आले.

ते गाडीच्या समोर थांबले. मग वाकले आणि एक डोळा मिटून बघू लागले, तराजूची दांडी बघायचे तसे. बराच वेळ बघत राहिले. गाडीचा डावा दांडा मागे दुमडलेला होता, डावा पायठेवा वर चढलेला, सीट डावीकडे उतरलेली. वर कुणी बसलेलं नसताना ती गाडी अशी डाव्या अंगावर कलून उभी होती.

“बसून तर बघा,” ती म्हणाली.

ते बसले. डावा पाय जमिनीला पुरता टेकला. डावा हात न ओढता दांड्यावर पोचला. खांदा खाली होता, मान मोकळी होती. इतक्या वर्षांच्या कामात इतका चपखल बसलेला कपडा तिला आठवत नव्हता. तिने पानाकडे बघितलं. पानाने मान डोलावली.

“बरोब्बर बसते,” काटेवाले म्हणाले.

मग ते उतरले, काठी घेतली आणि आत गेले.

ती गोंधळून तिथेच उभी राहिली. म्हणजे बसते की नाही बसत? आत जाऊन विचारलं, “कुठे टोचतं का?”

“नाही.”

“हात अवघडतो?”

“नाही गं. मापाची आहे.”

“मग एक चक्कर मारून या ना.”

“मारीन की. घाई काय आहे?”

दिवस गेले आणि चक्कर काही झाली नाही. गाडी अंगणात उभी. टेलरबाईला काही सुचेना. नापसंत कपडा गिऱ्हाईक घेत नाही, भांडतं, पैसे कापतं. पण ‘बरोब्बर बसते’ म्हणून कपडा खुंटीला लावून ठेवणारं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. लेक म्हणाली, “आई, भीती वाटत असेल बाबांना. ते पडलेत ना एकदा.” पाना म्हणाला, “रंग नाही आवडला. पुरुषमाणसाला असला रंग देतात का?” तिने टाकी काळी केली. काटेवाले म्हणाले, “छान.” पानाने नवा हॉर्न बसवला. काटेवाल्यांनी तो एकदा वाजवला, म्हणाले, “मस्त,” आणि खिडकीत जाऊन बसले.

चिडून ती एकदा म्हणाली, “सांगा तरी काय खुपतंय ते. मी काय मनकवडी आहे?”

“तू चांगलं केलंयस,” ते म्हणाले. “एवढं चांगलं मला नसतं जमलं.”

तिला रडू आलं आणि का आलं ते कळलं नाही.

एका दुपारी दूधवाला फाटकाशी थांबला. तो या गल्लीत नवीनच यायला लागला होता. गाडीकडे बघून म्हणाला, “ही काटेवाल्यांची ना?”

“कुणी सांगितलं?” तिने विचारलं. मनातून बरं वाटलं.

“सांगायला कशाला पाहिजे? लांबूनच ओळखली. त्यांना चालताना बघितलंय ना परवा. अगदी हुबेहूब केलीत बाई.”

त्याने कौतुकाने म्हटलं होतं. ती हसून मागे वळली. खिडकीत काटेवाले होते. त्यांनी दूधवाल्याचं बोलणं ऐकलं, मान आत घेतली आणि पडदा ओढला. दिवसाढवळ्या.

दुधाचं भांडं हातात धरून ती गाडीजवळ गेली. समोर उभी राहिली. मग त्यांच्यासारखाच एक डोळा मिटून बघितलं. दूध ऊन होईपर्यंत ती तशीच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ढकलत ती गॅरेजात घेऊन गेली.

“उजवा दांडाही मागे घ्या. डाव्यासारखाच. उजवा पायठेवाही वर घ्या, ब्रेकसकट. सीट दोन्हीकडून सारखी खाली.”

पानाने डोकं खाजवलं. “पण वहिनी, उजवी बाजू चांगली आहे ना त्यांची?”

“आहे.”

“मग उजव्या पायाची कोंडी होईल. वळवताना गुडघा हँडलला लागेल. मापाची झालेली गाडी कशाला बिघडवताय?”

“मलाही कळत नाहीये,” ती म्हणाली. ते खरंच होतं. “पण करा तुम्ही.”

तिच्या हातून मापाबाहेरचं काम पहिल्यांदाच होत होतं. दांडा तापून लाल झाला, हळूहळू वळला, आणि आयत्या वेळी तिला वाटलं की थांबवावं. तिने टेप हातात धरली होती, पण लावली नाही. उजवं डाव्यासारखं झालं की नाही, ते नुसतं डोळ्यांनी बघितलं.

गाडी परत अंगणात आली. ती आता बुटकी दिसत होती, थोडी विचित्रही, दोन्ही शिंगं मागे वळलेल्या एखाद्या जनावरासारखी. पण सरळ उभी होती. काटेवाले बाहेर आले. समोर वाकले. या वेळी त्यांनी डोळा मिटला नाही.

“पिशवी दे गं माझी,” ते म्हणाले.

“कुठली?”

“वजनांची. कुठली काय?”

तिने पिशवी आणून दिली. ती त्यांनी उजव्या खांद्याला अडकवली. गाडीवर बसले, डावा पाय टेकवून किक मारली. फाटकातून बाहेर पडताना गाडी उजवीकडे वळवली, तेव्हा हँडल त्यांच्या गुडघ्यावर आपटलेलं तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी मागे बघितलं नाही. गल्लीच्या टोकाला पाना गॅरेजबाहेर येऊन उभा होता. त्याला हात करून ते मोठ्या रस्त्याला लागले.

ते परत आले तेव्हा हाताला तेल लागलेलं होतं. एका दुकानातला काटा दुरुस्त केला, दुसऱ्यात उद्या बोलावलंय, म्हणाले. चहा पिताना इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत होते. कुणाच्या दुकानाला नवं शटर बसलं, कोण जाड झालं.

“गुडघा लागतो का हो?” तिने विचारलं.

“कुठला गुडघा?”

“उजवा.”

“छे.”

मग ते रोज जायला लागले. खिडकी मोकळी झाली. मशिनवर काम करताना मान वर केली की समोर नुसता उजेड दिसायचा, आणि ती मनाशी विचारायची, आपण बरोबर केलं की चूक? मापाचं होतं ते मोडून बिनमापाचं केलं, आणि त्यांना तेच बसलं. हा हिशोब तिला पुढेही कधी जुळवता आला नाही.

पावसाळा संपता संपता, धुतलेले कपडे घडी करताना, त्यांची रोजची पँट तिच्या हातात आली. उजवा गुडघा घासून घासून विरला होता, आत घातलेली बोटं दिसावीत इतका. डावा कोराच होता. तिने पँट उजेडाकडे धरली. आतल्या खोलीत काटेवाले पारडी पुसत होते, पितळेचा आवाज येत होता. तिने पेटीतून त्याच रंगाचं कापड काढलं, दोन सारखे तुकडे कापले आणि दोन्ही गुडघ्यांना ठिगळं लावली.