तुझा वेगळा प्रिंटर

यावोरोवेत्स गावच्या ग्रामकार्यालयात सकाळी सगळ्यांत आधी व्लास्ताबाईंचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा. कार्यालयात प्रिंटर एकच होता आणि तो त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. बाकीच्यांनी छापायला दिलेलं नेटवर्कच्या तारेतून आधी त्यांच्याकडे जायचं आणि मग कागद बाहेर पडायचा. बाई मशीन बंद करून घरी गेल्या की सरपंचांनासुद्धा एक ओळ छापता येत नसे. हिशेबाच्या त्या खुर्चीत बाईंचे केस पिकले होते, आणि प्रिंटर आपलाच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं.

मागच्या खोलीत रेनाता चोंकोवा बसायची. ओढ्यापलीकडच्या, लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या रोमांच्या वस्तीतून कार्यालयात नोकरीला लागलेली ती पहिलीच बाई. वस्तीतल्या लोकांचे दाखले आणि मुलांचे शाळाप्रवेश, ही तिची कामं. तार तिच्या टेबलापर्यंत आली होती. तिच्या पडद्यावर प्रिंटरचं नावही दिसायचं. पण छापायला दिलं की उत्तर यायचं : परवानगी नाही.

नेटवर्क सांभाळणारा दुशान यायचा, परवानगी देऊन जायचा, आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा बंद व्हायची. शेवटी रेनाताने त्याला एकट्याला गाठलं.

"खरं सांग, बिघाड आहे तरी कुठं?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "बिघाड नाहीच. मी उघडून जातो, मग फोन येतो, बंद कर म्हणून. कुणाचा ते विचारू नकोस."

मग काय, पेनड्राइव्ह घेऊन बाईंच्या दारात उभं राहायचं.

"ठेव तिथं," बाई मान वर न करता म्हणायच्या. "आधी तपासावं लागेल. तुमच्याकडून काय काय येईल, सांगता येतं का?"

त्या वाईट होत्या असं गावात कुणी म्हणणार नाही. खसखस भरलेला गोड रोल घरून भाजून आणायच्या, सगळ्यांना द्यायच्या. इतरांना बशीत, रेनाताला कागदी रुमालावर. नुकतीच शाळा संपवून नोकरीला लागलेली झुझाना त्यांच्यासाठी 'तुम्ही' होती. दोन लेकरांची आई असलेली रेनाता मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'.

त्या वर्षी वस्तीतली साबिना प्रेशोव शहरातल्या परिचारिका विद्यालयाची प्रवेश परीक्षा पास झाली. वस्तीतून तिथवर आजपर्यंत कुणी पोहोचलं नव्हतं. वसतिगृहात जागा मिळाल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता, आणि त्यासाठी रहिवासाचा दाखला हवा होता, कार्यालयाच्या शिक्क्याचा. रेनाताने सोमवारीच मजकूर तयार करून पेनड्राइव्ह बाईंच्या टेबलावर ठेवला.

"आज कर-बिलं आहेत," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाई कमी होती. नंतर, "अगं, तुझं एकटीचंच काम आहे का इथं?" असं करता करता मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला.

साबिना आणि तिची आई मार्गिता सकाळपासून बाहेर येऊन थांबल्या होत्या. साबिनाने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. आत बाक रिकामा होता, पण त्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. रेनाता बाईंच्या खोलीकडे गेली, तर दाराला कुलूप. बाई केस कापून घ्यायला गेल्या होत्या आणि मशीन बंद करून गेल्या होत्या.

रेनाता झुझानाकडे धावली. "तुझ्याकडून छापून दे गं. पोरीचं आयुष्य आहे."

याआधी झुझाना 'बाई रागावतील' म्हणून टाळायची. आज तिने मुकाट्याने छापायला दिलं. पडद्यावर आलं : प्रिंटर सापडत नाही.

"त्यांचं मशीन बंद आहे ना," ती हळूच म्हणाली. "आता कुणाचंच चालणार नाही." शिक्काही बाईंच्याच कुलूपबंद खोलीत होता.

बाई परतल्या तेव्हा प्रेशोवची बस निघून गेली होती. दाखला घेऊन पुढच्या बसने मायलेकी पोहोचल्या, तेव्हा विद्यालयाचं कार्यालय बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली.

मार्गिता रडली नाही. रेनाताला म्हणाली, "मला वाटलं होतं, आपलं माणूस आत बसलंय." एवढं बोलून ती ओढ्याकडे चालू लागली.

रेनाताने लेखी तक्रार केली. सरपंच भला माणूस, पण भांडणाला भिणारा. चार दिवसांनी त्याने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर एक नवं खोकं होतं.

"रेनाता, झालं ते वाईट झालं. हा घे, तुझा वेगळा प्रिंटर. तुझ्या खोलीत ठेव, तुझ्या लोकांचे कागद छाप. कुणाच्या तोंडाला लागायला नको."

व्लास्ताबाई समाधानाने म्हणाल्या, "मी तर केव्हाची हेच सांगत होते."

रेनाताने खोक्याला हात लावला नाही. "मला वेळ द्या," म्हणाली.

घरी नवरा टिबोर बटाटे परतत होता. "घे की तो," तो म्हणाला. "नवा मिळतोय. डोक्याचा ताप तरी जाईल."

"शाळेत आपला बाकही वेगळा होता, टिबोर. तोही नवाच होता. आठवतं?"

टिबोरने गॅस बारीक केला.  "नोकरी गेली तर?"

"तर जाईल."

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सरपंचाला सांगितलं, "साहेब, मला दुसरा प्रिंटर नको. जो सगळ्यांचा आहे तोच हवा. गावाच्या पैशाने घेतलाय, आणि आम्ही गावातच राहतो."

"हट्ट करू नकोस. लोक हसतील."

"हसू देत. आजवर हसलेच आहेत."

"मग मला तुझ्या जागेचा विचार करावा लागेल."

 तेवढ्यात झुझाना उठून उभी राहिली.  "मग माझीही परवानगी काढा. यांच्याबरोबर मीही पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी राहीन."

"तुम्हाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"त्यांनाही 'तुम्ही' म्हणा," झुझाना म्हणाली आणि खाली बसली.

आणि खरंच, त्या दोघी रोज बाईंच्या दारात उभ्या राहू लागल्या. झुझानाकडच्या जन्मनोंदी तुंबल्या. गावकरी कुरकुरले, आधी रेनातावर, मग सरपंचावर. अखेर त्याने वैतागून दुशानला बोलावलं. प्रिंटर बाईंच्या टेबलावरून उचलून बाहेरच्या व्हरांड्यात ठेवला गेला आणि त्याची तार थेट नेटवर्कला जोडून सगळ्यांना परवानगी दिली गेली. आता कुणाचं मशीन बंद आहे की चालू, याच्याशी त्याला काही घेणंदेणं उरलं नाही. बाईंनी स्वतःसाठी घरून एक जुना प्रिंटर आणला. ते नवं खोकं दुकानात परत गेलं.

हिवाळा लागता लागता रेनाताला साबिना बसथांब्यावर भेटली. जवळ मोठी बॅग होती. मावशीबरोबर इंग्लंडला निघाली होती, कोंबड्या पॅक करायच्या कारखान्यात.

"पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे ना," रेनाता म्हणाली. "आता दाखला लगेच मिळेल. मी स्वतः छापून देईन."

"म्हणजे आता प्रिंटर तुमचंही छापतो?"

"छापतो."

"बरं झालं," साबिना म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच रेनाताला सोसवेना. "माझ्या धाकट्या बहिणीलाही परिचारिकाच व्हायचंय. तिच्या वेळी मात्र दाखला घेऊन लवकर या."

बस निघून गेली. रेनाता कार्यालयात परतली नाही. ओढा ओलांडून ती थेट मार्गिताच्या घरी गेली आणि तिने दार वाजवलं.