पॅटिस आले तेव्हा

आमच्या ‘ग्लास अलमॅनॅक’ या बँडचं आयुष्य जेमतेम एका हिवाळ्याचं. डेस्मंड कीबोर्डच्या ढिगाऱ्यामागे बसायचा आणि आर्ट कॉलेजातली सगळी अक्कल आमच्यावर ओतायचा. त्याचा एकच नियम होता. ऐकणाऱ्याला गुणगुणता आलं, तर ते गाणं वाया गेलं. मी ड्रम वाजवायचे, ऑल्विन गायचा आणि बाकी सगळं डेस्मंड ठरवायचा.

इंग्लंडमधल्या बार्न्सली गावात, खाणकामगारांच्या क्लबात आमचा कार्यक्रम होता. सामान उतरवताना ऑल्विन हळूच म्हणाला, “ग्लेनिस, आजचा शेवटचा. सोमवारपासून मी बाबांच्या वॉलपेपरच्या दुकानात.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“लोकांचे चेहरे बघितलेस का कधी मी गाताना? दातदुखी झाल्यासारखे बसलेले असतात.”

मला रडू आलं आणि रागही आला. असा आवाज जन्मात एकदा कानावर पडतो आणि हा शहाणा तो दुकानात गुंडाळून ठेवायला निघाला होता.

क्लबचे सेक्रेटरी विल्फ होलरॉइड कार्यक्रमाआधी आम्हाला बजावून गेले होते, “पोरांनो, खिम्याचे गरम पॅटिस आले की थांबायचं हं. इथे पॅटिसपुढे कुणाचं चालत नाही.”

“आमची रचना मध्ये थांबत नाही,” डेस्मंड ताठ मानेने म्हणाला. “ती नदीसारखी आहे.”

“असू दे, बाळा. नदीलाही पॅटिस खाऊ दे.”

आम्ही सुरुवात केली. लोक बिअरच्या ग्लासात बघत बसले. नदी डोंगरातून उतरून मैदानात आली, तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पॅटिसचा वास हॉलभर पसरला. विल्फनी हात हलवून थांबायची खूण केली. डेस्मंडने मान वळवली आणि कीबोर्डवर आणखी जोरात हात आपटले. विल्फ शांतपणे भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्टेजची वीज बंद केली.

कीबोर्ड मेले. माइक मेला. माझे ड्रम तेवढे चालू राहिले, कारण त्यांना वीज लागत नाही. आणि ऑल्विन डोळे मिटून गातच होता. कीबोर्डच्या गोंगाटाखाली सबंध हिवाळा दबून राहिलेली ती चाल आता एकटीच ऐकू येत होती. साधी, गोड चाल. मी काठ्या ठेवल्या आणि हातानेच ठेका धरला.

पॅटिसच्या रांगेतली एक बाई गुणगुणू लागली. मग तिच्यामागचा म्हातारा. बघता बघता अख्खी रांग, हातात बशा घेऊन, ऑल्विनबरोबर गाऊ लागली. ऑल्विनने डोळे उघडले आणि तो लोकांचे चेहरे बघतच राहिला.

“गातायत ते! आपल्याबरोबर!” डेस्मंड किंचाळला. “नासवलंत तुम्ही सगळं!” आणि कोट उचलून तो बाहेर पडला. आमचा बँड तिथेच संपला.

खाणं उरकल्यावर विल्फ तोंड पुसत आले. “चला, वीज देतो आता.”

“काका, राहू दे बंदच,” ऑल्विन म्हणाला. “असंच म्हणतो पुन्हा.” मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “सोमवारी काय करतेस?”

“तू दुकानात ना सोमवारी?”

“बाबांना म्हणावं, दुसरा कुणी बघा.”

पुढे आम्ही दोघांनी नवा बँड काढला आणि त्याच चालीने आम्हाला जगभर फिरवलं. एकदा लीड्सच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही ती म्हणत असताना पहिल्या रांगेत डेस्मंड हाताची घडी घालून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. मी पाहिलं, पण त्याला तसं कधी सांगितलं नाही.

त्या गाण्याआधी ऑल्विन अजूनही स्टेजची सगळी वीज बंद करायला लावतो. दिवे सांभाळणारे कुरकुरतात. अंधारात तो माझ्याकडे वळतो आणि दर वेळी तेच विचारतो.

“ग्लेनिस, आले का पॅटिस?”