शिडी माझ्यावरून उठली

जरा टेका, घाई नसेल तर. मी बाक बोलतोय. मुलींच्या कॉलेजात बास्केटबॉलचं मैदान आहे, त्याच्या कडेला पत्र्याखाली असतो तो लाकडी बाक. माझं बोलणं संथ आहे, सांभाळून घ्या.

कॉलेजच्या सुतारानं मला घडवलं. जुन्या स्टेजच्या फळ्या निघाल्या होत्या. त्या त्यानं रंध्यानं साफ केल्या, सहा पाय जोडले आणि डबा घेऊन आलेल्या बायकोला म्हणाला, "बस गं, डुगडुगतो का बघू." ती बसली आणि म्हणाली, "माझ्यानं नाही डुगडुगला, म्हणजे आता हत्तीच आणा!" तेव्हापासून तीसेक वर्षं मी इथंच आहे. मैदानाला दर वर्षी नवे पट्टे मारतात. रिंगला नवी जाळी येते. मला रंग एकदाच लागला, तोही खिडक्यांचा उरलेला.

लिहिता-वाचता मला येत नाही. पण पंचांची बोटांची भाषा येते. कुणी धक्का दिला, हातावर मारलं, की तो फाउल. पंच शिट्टी फुंकतो, मूठ वर करतो, मग जिचा फाउल तिच्या पाठीवरचा आकडा बोटांनी दाखवतो. ऑफिसातले कारकून टेबलाशी बसून ते कागदावर उतरवतात. एकीचे पाच झाले की ती त्या सामन्यापुरती संपली.

माझ्यावर बसायची एक रीत आहे, सरांनी घालून दिलेली. सर उजव्या टोकाला. त्यांच्या लगतची मुलगी आधी खेळायला जाणार, तिच्या पलीकडची त्यानंतर. एक उठली की बाकीच्या एकेक जागा सरकतात. डावं टोक म्हणजे सातवी जागा, शेवटची. तिथल्या मुलीला सहसा कुणी बोलवत नाही. पाच फाउल होऊन आलेलीसुद्धा तिथंच जाऊन बसते.

शिडी आली ती त्या सातव्या जागेवर. उंच, काटकुळी, कोपरं आणि गुडघेच जास्त. "ए शिडी, तेवढा वरचा दिवा पुसून दे की!" मोठ्या मुली म्हणायच्या. ती हसायची आणि बसायची. दोन्ही बाजूंनी हात खाली घालून माझी कड घट्ट धरायची. अंगानं हलकी, पण तळवे गरम. दीड वर्ष तिनं ती कड सोडली नाही. इतकी माणसं बसून गेली माझ्यावर, पण मला धरून कुणी बसलं नव्हतं.

एकदा तिची आई सामना बघायला आली. शिवणकाम टाकून आली होती, गळ्यात टेप तसाच. सामना संपला, शिडी जागची उठली नव्हती.

"तुला असं बसवून ठेवायला मी पहाटे उठवते का गं?"

"आई, मी बसत नाही. बघते."

"बघायचं तर घरी टीव्ही काय वाईट होता?"

पण पोर खरंच बघत होती. कोण कुणीकडे वळते, दमली की कुणाचा खांदा पडतो, कुणाचे किती फाउल झाले, सगळं मोजायची. हे तिला कुणी शिकवलं? माझ्यावर बसल्याशिवाय हे दिसत नाही. रिंग वर बघायला लावते, चेंडू खाली बघायला लावतो. सगळं मैदान एकदम बघायचं तर बाकावरच बसावं लागतं.

मग एकीचा पाय मुरगळला, दुसरीची परीक्षा आली, आणि शिडी सरकायला लागली. सहावी जागा, पाचवी जागा. एका सामन्यात तिला दोन मिनिटं मिळाली. समोरची डावखुरी कुणालाच आवरत नव्हती, तिच्या हातून शिडीनं तीनदा चेंडू काढला. सरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हिला कुठं लपवली होती रे?" ते स्वतःलाच म्हणाले. लपवली नव्हती हो. माझ्यापाशी होती.

चौथी, तिसरी, दुसरी. एकेक जागा ती माझ्याच अंगावरून पुढं गेली. तिसऱ्या वर्षी पहिल्या पाचांत आली आणि मग तिचं बसणंच संपलं. येऊन पाणी पिणार, टॉवेल माझ्यावर फेकणार, पळणार. टॉवेल तेवढा माझा.

खोटं कशाला बोलू, मला जळायला झालं. ती चेंडूशी बोलायची. फेकण्याआधी दोनदा आपटून काहीतरी पुटपुटायची. मी तीस वर्षांचा ठोकळा, माझ्याशी कधी एक शब्द नाही, आणि तो हवेनं फुगलेला भोपळा तिच्या कानाशी! एकदा पेपरचा बातमीदार आला. "एवढं कुठं शिकलीस?" म्हणून त्यानं विचारलं. ती म्हणाली, "मैदानात." मैदानात! मग दीड वर्ष माझ्यावर काय झोपा काढल्या?

आणखी एक जण जळत होती. कॅप्टन. दोन वर्षं सगळे चेंडू तिच्याकडे यायचे, आता ते शिडीकडे जायचे. कॅप्टन विश्रांतीला माझ्यावर बसली की मला कळायचं. दात दाबून बसायची. आमचं दुखणं एकच होतं, म्हणून ती मला जवळची वाटायची.

असा वर्षाचा शेवटचा सामना आला. विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडणारे दोघं जण आले होते, पलीकडे गाद्यांच्या खुर्च्यांवर. सर मुलींना म्हणाले, "ते शेवटची पाच मिनिटं बघून नाव लिहितात. त्या वेळी जी मैदानात नसेल, ती त्यांच्या कागदावर नसेल." शिडीचं ते शेवटचं वर्ष. पुन्हा संधी नव्हती.

आणि मी काय करत होतो? तिचे फाउल मोजत होतो. पाच झाले तर ती माझ्याकडे येईल, एवढाच माझा हिशेब. एक झाला. दोन झाले. मधे एक कॅप्टनचा, तिचे मी मोजत नव्हतो. शिडीचा तिसरा. खेळ संपायला चार मिनिटं राहिली, आपण दोन गुणांनी मागं, आणि शिडीचा चौथा. तेवढ्यात टेबलावरची घंटा वाजली. कारकून ओरडले, "चौदा नंबर, पाच!"

चौदा नंबर शिडीचा. मला ठाऊक होतं, चारच झालेत. पण मी गप्प राहिलो. बाकाला तोंड कुठं, म्हणाल. खरं आहे. पण मी मनातसुद्धा बोललो नाही.

ती आली. रीतीप्रमाणे डाव्या टोकाला, शेवटची मुलगी सरकून जागा देते तिथं. बसली. टॉवेल डोक्यावर घेतला. मी वाट बघितली, हात काही माझ्या कडेला आले नाहीत. टाचा उचललेल्या, अंग सगळं पुढं, जेमतेम टेकलेली. ती माझ्याकडे आली होती आणि माझ्याकडे नव्हती. असं तिला मिळवून काय करू, ते मला कळेना.

शेजारी चिमणी होती. पहिल्या वर्षाची, बुटकी, अजून एकदाही न खेळलेली.

"ताई, तुझे चारच झालेत."

"गप गं."

"मी मोजलेत ना! तूच सांगितलंस, शेवटी बसलेलीनं मोजायचं. मघाचा एक कॅप्टनताईचा होता. तो तुझ्यावर लिहिलाय."

शिडीनं टॉवेल काढला. मैदानात कॅप्टनकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "तिच्यावर लिहिला तर तिचे पाच होतात. जाऊ दे. बोलू नकोस."

बोल, मी म्हणालो. पोरी, तू बोल. माझ्या तीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणी माझ्यावरून उठावं म्हणून जीव टाकला.

चिमणी उठली. डाव्या टोकाकडून सरांपर्यंत आजवर कुणी गेलं नव्हतं. सगळ्या दबक्या आवाजात ओरडल्या, "बस खाली! आगाऊ!" ती गेली. सरांनी ऐकलं, खेळ थांबवायला लावला, टेबलाशी गेले.

चौदा दाखवायचा तर पंच एका हाताची मूठ आणि दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवतो. चार दाखवायचा तर नुसती चार बोटं. कॅप्टनचा नंबर चार. कारकून म्हणाले, "मी बघितली की मूठ. मूठ आणि चार बोटं, म्हणजे चौदाच!"

"अहो, मूठ फाउलची होती," सर म्हणाले.

पंच कपाळ पुसत म्हणाला, "फाउलची होती की चौदाची, मला आता काय आठवणार?"

मग सगळे कॅप्टनकडे बघायला लागले. तिचा जबडा तोच, दाबलेला. मला वाटलं, ही बोलायची नाही. मी असतो तर बोललो नसतो, आत्ताच तर नव्हतो बोललो.

"माझा होता," ती म्हणाली.

"मग तुझे पाच होतात."

"मोजता येतं मला, सर."

ती चालत आली, सरळ डाव्या टोकाला. शिडी उठून उभी राहिली, काही बोलणार होती. कॅप्टन म्हणाली, "रडायला वेळ नाहीये, शिडे. पळ." शिडी पळाली.

पुढचं मला दिसलं नाही. सगळ्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मला नुसत्या पोटऱ्या दिसत होत्या. पण निकाल मला बघावा लागत नाही. हरलो की सगळ्या धपकन माझ्यावर बसतात. जिंकलो की कुणी बसत नाही. त्या संध्याकाळी कुणी बसलं नाही. एकटी कॅप्टन तेवढी बसून होती, तोंड ओंजळीत. तर शिडी धावत आली, तिला दोन्ही हातांनी ओढून उठवलं आणि घेऊन गेली. तेवढीही ठेवली नाही माझ्यासाठी.

शिडी आता विद्यापीठाच्या संघात आहे, असं सर चिमणीला सांगत होते. चिमणी हल्ली पाचव्या जागेवर असते. माझा एक पाय वाळवीनं पोखरलाय, त्याखाली वीट लावली आहे. चालायचंच.

शिडे, तुला एवढंच सांगतो. मोठ्या संघालाही बाक असणारच. गुळगुळीत असेल, गादीचाही असेल. त्याच्यावर फार बसू नकोस. हा म्हातारा तुझ्या भल्यासाठी सांगतोय, असं लोकांना खुशाल वाटू दे.