काचेच्या तीन पट्ट्या

त्या गावात गिलावा करावा तर त्यानेच. त्याचा हात फिरला की भिंत अशी गुळगुळीत व्हायची, की समोर उभं राहून भांग पाडावा. म्हणून सगळे त्याला आरसाच म्हणत. बायको चिडली की तीही म्हणायची, आरसेसाहेब, जेवायला येताय की झाकून ठेवू?

आणि नगरपालिकेची रीत काय, तर एक इमारत, एक समिती. वाचनालयाला वेगळी, दवाखान्याला वेगळी, बाजाराच्या शेडला वेगळी. फीत कापली, फोटो निघाला, की समिती बरखास्त. मग दवाखान्याच्या जिन्यावरून कुणी घसरो नाहीतर वाचनालयाच्या खिडक्या उघडेनाशा होवोत, तक्रार घेऊन गेलं की कारकून शांतपणे सांगायचा, ती समिती आता नाही. कुणी फारच घसा कोरडा केला तर पाहणीसाठी नवी समिती नेमायची, आणि ती यायच्या आदल्या दिवशी आरशाला निरोप धाडायचा.

बालवाडीच्या मागच्या भिंतीसाठी असा निरोप सात वर्षांत चार वेळा आला. वरच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी भेग. आरसा जायचा, भेग खरवडायचा, भरायचा, वरून गिलाव्याचा हात मारून रंग द्यायचा. दुसऱ्या दिवशी समिती यायची, भिंतीवरून हात फिरवायची, "भेग आढळली नाही" असं लिहायची, चहा प्यायची आणि उठायची. आरशाच्या मनात पाप नव्हतं. उलट समितीतली शहाणी माणसं भेग कुठे होती ते शोधत राहतात, याची त्याला ऐटच होती.

मग त्याची लेक त्याच बालवाडीत शिकवायला लागली. महिनाभरात तिने घरी सांगितलं की दाराची कडी बसत नाही, आणि टेबलावर ठेवलेला खडू आपोआप भिंतीकडे घरंगळत जातो. आरसा म्हणाला, लाकूड फुगतं, त्यात काय एवढं.

"बाबा, मी लाकडाचं विचारत नाहीये. ती भिंत तुम्ही चारदा भरलीत. चारही वेळा जागा तीच होती ना?"

आरशाचं डोकंच फिरलं. कालची पोर, ती आता गिलावा शिकवणार? भरल्या ताटावरून उठला गडी. पण राग उपाशीपोटी किती टिकणार, आणि प्रश्न काही केल्या जाईना, कारण जागा तीच होती आणि ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने काचवाल्या दोस्ताकडून बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापून घेतल्या. भिंतीवर भेग पुन्हा डोकं वर काढत होतीच. तिच्यावर वर, मध्ये आणि खाली अशा तीन काचा त्याने आडव्या बसवल्या, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की केली आणि काचेवरच रंगाने तारीख घातली. ही युक्ती त्याच्या उस्तादाची. काच ताणली जात नाही. भिंत केसभर सरकली तरी ती तडकते. चाळीस वर्षांत आरशाने ही युक्ती एकदाही वापरली नव्हती. भेग का पडली हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, फक्त झाक म्हणून सांगितलं होतं.

वरची काच बाराव्या दिवशी तडकली, मधली एकोणिसाव्या. त्या भिंतीला पाठ लावून रोज बावीस मुलं बसत होती, आणि त्यांच्या मधोमध खुर्ची टाकून त्याची लेक.

लेकीने पालकांच्या सह्या गोळा केल्या. मागणी एकच: गावातल्या सगळ्या सार्वजनिक इमारतींवर नजर ठेवायला एक कायमची समिती. फीत कापल्यावरही न उठणारी, न सांगता पाहणीला जाणारी, धोका दिसला तर कुलूप ठोकायचा अधिकार असलेली. अर्जाला इतक्या सह्या होत्या की नगरपालिकेला तो विषय सभेत घ्यावाच लागला.

सभेला दोन दिवस उरले असताना नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब आरशाच्या दारात हजर. सदस्य भिंत बघायला जाणार आहेत, म्हणाले, त्या काचा काढ आणि जरा हात मारून दे. आरसा म्हणाला, जमणार नाही. साहेबांना आधी ही थट्टा वाटली, मग त्यांनी सुनावलं की यापुढे नगरपालिकेचं एकही काम मिळणार नाही. आरसा बरं म्हणाला आणि दार लावून घेतलं. आतून बायको म्हणाली, एवढंच? मला वाटलं चार शब्द तरी ऐकवाल.

साहेबांनी दुसरा कुणी गाठला. भिंत पुन्हा गोरीपान झाली. काम धड नव्हतं, थापीचे वळ दिसत होते, आणि अशा घडीलाही आरशाने त्याला नाक मुरडलंच. लेकीने मात्र कचऱ्याच्या डब्यातून तिन्ही काचा वेचून रुमालात बांधून आणल्या.

सभेत अध्यक्षांनी चारही अहवाल मोठ्याने वाचले. भेग आढळली नाही, भेग आढळली नाही, चारदा. मग चष्मा काढून ते म्हणाले की चार समित्या खोट्या आणि बालवाडीतली एक बाई तेवढी खरी, असं मानायचं असेल तर मानू या. सभागृह हसलं. लेकीने मान खाली घातली. त्या हसण्याने आरसा असा पेटला की खुर्ची मागे पडली तरी त्याला कळलं नाही. तो सरळ पुढे गेला आणि टेबलावर रुमाल सोडला.

"समित्या खोट्या नाहीत. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. खोटेपणा मी केलाय, चारदा, या हाताने. या काचांवरची तारीख बघा. एकोणीस दिवस भेग झाकली नाही, तर भिंतीने दोन काचा तोडल्या."

अध्यक्षांनी पुन्हा चष्मा चढवून काचांवरची तारीख वाचली. मग म्हणाले, "म्हणजे फसवणूक तुम्ही केलीत. कारवाई तुमच्यावर होईल."

"करा की. मी कुठे पळतोय? पण चौकशीला समिती लागेल. आणि ती मधेच उठून चालायची नाही, कारण मला चारही वेळचं सांगायचंय, निरोप कुणी धाडला तेसुद्धा. तेव्हा आजच नेमा, आणि पुन्हा उठवू नका."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलायचा प्रयत्न केला, पण पालक जागचे हलेनात. मतदान झालं. ठराव दोन मतांनी पास झाला.

कायमच्या समितीचा पहिला हुकूम निघाला तो बालवाडी बंद करून भिंत उघडी करण्याचा. मुलं वाचनालयात हलवली. छिन्नी-हातोडा आरशाने स्वतः मागून घेतला. आधी दुसऱ्याचा थर निघाला, मग त्याचे स्वतःचे: पोपटी, निळा, पिवळा, पांढरा. एकेक थर तो ओळखत होता. शेवटचा थर पडला तेव्हा भेगेत त्याचा हात मनगटापर्यंत गेला आणि बोटांना बाहेरचा वारा लागला. लेकीची खुर्ची असायची ती जागा तिथून हातभरसुद्धा लांब नव्हती. आरशाला आयुष्यात कधी वाटली नव्हती इतकी लाज वाटली, आणि लेकीसमोर तो रडला.

तेवढ्यात इंजिनियरसाहेब दारात आले. समिती येईपर्यंत निदान ताडपत्री तरी टाका, म्हणाले, लोक रस्त्यात थांबून बघताहेत.

"बघू देत," आरसा म्हणाला.

त्याने लेकीकडून खडू घेतला. भेगेच्या शेजारी, गेलेल्या चारही कामांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, काम: आरसा. मग रस्त्यावरच्यांना नीट दिसावं म्हणून खिडक्या सताड उघडल्या.