पाचवी फरशी

मित्रांनो, मी शहाबादी फरशी. वय झालं आहे, कडा झिजल्या आहेत, पण अजून मोडलेली नाही. सध्या औशातल्या एका घराच्या परसात भिंतीला टेकून उभी आहे. समोर खड्डा आहे, ती माझी जागा. तिथून मला का काढलं, ते सांगते.

माझा जन्म शहाबादकडच्या खाणीतला. तिथे आमचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक असतात. कामगारांनी छिन्नीने मला सुटं केलं, कडा तासल्या, आणि ट्रकमधून मी औशाला आले. धोंडप्पांच्या स्वयंपाकघरात मी बत्तीस वर्षं काढली. ऐन मे महिन्यातही मी गार असायची. त्यांची बायको लक्ष्मम्मा माझ्यावर बसून भाकरी थापायची. मुलगी शिवकांता पालथी पडून खडूने पाढे लिहायची. कुणी माझं कौतुक केलं की लक्ष्मम्मा म्हणायची, "माझ्या बापानं बसवलीय." तिचे वडील गुंडप्पा निलंग्याचे, फरशी बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नाआधी लक्ष्मम्माच त्यांच्या हाताखाली असायची.

पुढे शिवकांता नांदेडला कॉलेजात शिकवू लागली. तिने हौसेने आईला चकचकीत टाइल्स बसवून दिल्या आणि आम्हाला उखडलं. आम्हाला टाकायला निघालेल्या मजुरांना लक्ष्मम्माने दारातच अडवलं. बावीस धड फरश्या निवडून तिने परसात लावून ठेवल्या.

तिला रस्ता करायचा होता. मागच्या दारापासून बेलाच्या झाडापर्यंत. रोज अंघोळ झाली की ती लिंगपूजेसाठी बेल तोडायला जायची, तेही अनवाणी. चप्पल घालून बेलाला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. परसातली माती काळी. पावसाळ्यात ती पायांना गोळ्यांनी चिकटायची आणि लक्ष्मम्मा भिंत धरत धरत परत यायची.

दिवाळीत शिवकांता घरी आली, तेव्हा लक्ष्मम्माने विषय काढला. "रस्ता मीच घालते. रोज एक फरशी."

"अव्वा, गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलंय? मे महिन्याच्या सुट्टीत गवंडी लावू."

"गवंड्याला घाई असती गं. ही माती उन्हाळ्यात फाटती, पावसात फुगती. हातभर खोदून मुरूम भरावा लागतो. दाबावा लागतो. मग फरशी."

"लोक म्हणतील, पोरगी कॉलेजात शिकवती आन् आई घमेली उचलती."

"बघू दे की. तिकीट लावू."

ओट्यावरून धोंडप्पा हसले. "आदी गुडघ्यांना इचार, मंग आमाला."

मे महिना आला, तो पेपर तपासण्यात गेला. दुसरा आला, त्यात प्रवेशाची कामं निघाली. गवंडी काही लागला नाही. तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर लक्ष्मम्माने कुणाला न सांगता पहार घेतली. रोज सकाळी थोडं खोदायची, बसायची, गुडघे चोळायची, पुन्हा खोदायची. मुरूम भरायची, पाणी मारायची, धुम्मसाने ठोकायची, आणि दोन दिवस काहीच न करता नुसती बघत राहायची. धोंडप्पा ओट्यावरून विचारायचे, "काय, मुरूम बोलतोय का तुझ्याशी?" ती म्हणायची, "तुमच्यापरीस जास्त बोलतोय."

अशा चार फरश्या बसल्या. पाचवा खड्डा तयार झाला. तिने मला उचलून त्याच्या काठाशी ठेवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "उद्या तुझी पाळी."

त्या दुपारीच शिवकांता अचानक आली. आईचे सुजलेले गुडघे पाहून तिचा जीव कळवळला, आणि कळवळ्याचा राग झाला. "मी मेले होते का? एक फोन नाही करता आला?" शेजाऱ्याकडून तिने खड्डा बुजवून घेतला. पहार नांदेडला घेऊन गेली.

लक्ष्मम्मा भांडली नाही. हात धुतले आणि चहा ठेवला. मला वाटतं, ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि लक्ष्मम्मा गेली.

पहिल्या पुण्यस्मरणाला परसात पंगत बसणार होती. मग मात्र चार दिवसांत गवंडी मिळाला. उरलेल्या आम्हा अठरा जणींना त्याने दीड दिवसात बसवलं. वरवर माती खरवडली, वाळू-सिमेंट टाकलं, झालं. पाहुणे म्हणाले, "झाक केलाव रस्ता." शिवकांता मान खाली घालून वाढत राहिली.

यंदाच्या उन्हाळ्यात माती फाटली आणि आम्ही अठराही जणी तिरप्या झालो. शिवकांता सुट्टीला आली होती. सकाळी अनवाणी बेलाकडे निघाली, तर माझ्यावर पाय पडताच मी डुगडुगले. ती थांबली. मागे गेली. पहिल्या चार फरश्यांवर पाय जुळवून एकेकदा उभी राहिली. त्यातली एकही हलली नाही.

ती माझ्याजवळ उकिडवी बसली, ऊन डोक्यावर आलं तरी उठली नाही.

"गवंड्याला सांगू का?" धोंडप्पांनी विचारलं.

"नको आप्पा. मी करते."

शेजारून पहार आणून तिने मला काढलं आणि खोदायला लागली. हाताला फोड आले. मग थांबून तिने विचारलं, "आप्पा, अव्वा किती खोल खोदायची हो?"

"हातभर म्हणायची."

"आन् मुरूम किती भरायची? किती दिवस दाबायची?"

धोंडप्पांनी चष्मा काढला. "मला कुठं ठावं? म्या वट्यावर बसून हसत होतो."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, "हे मी माझ्या हातानं करीन", तर त्यांच्या गुडघ्यांची काळजी जरूर करा. जड असेल ते तुम्ही उचला. पण त्यांच्या हातातली पहार काढून घेऊ नका. शेजारी बसा आणि ते कसं करतात ते बघा. विचारा. सांगणारं माणूस घरात आहे, तोवरच विचारून घ्या.